घर एकाचे, जागा दुसऱ्याची
(गिरणगावच्या वस्तीपालटाचा इतिहास)

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. ती ज्या काळात रूढ झाली त्या काळी माणूस घर बांधीत असे. जागा वाडवडिलांची असे, माती जवळची असे, सुतार-गवंडी गावचा असे. शहरातल्या माणसाच्या नशिबी घर बांधणे नसते. तो एक तर भाड्याने राहतो किंवा विकत घेतो. दोन्ही व्यवहारांत एक गोष्ट त्याच्या सहसा ध्यानात येत नाही. ती अशी की घर आणि घराखालची जागा या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि त्या दोन वेगळ्या माणसांच्या असू शकतात. मुंबईच्या गिरणगावाचा गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा इतिहास पाहिला तर त्याचे सारे मर्म या एका गोष्टीत साठवलेले आहे असे आम्हांस वाटते. आजच्या व्याख्यानात तेवढेच उलगडून दाखविण्याचा आमचा यत्न आहे.

आम्ही पंडित नव्हे. आमचे शिक्षण रात्रशाळेत आणि पुढे वाचनालयाच्या बाकावर झाले. इमारतींचे पहारेकरी, लिफ्टवाले, झाडूवाले यांच्या संघटनेचे काम करण्यात आमची उमर गेली. ज्या इमारतींच्या दारांशी आमचे सभासद उभे असतात, त्यांतील कित्येक एकेकाळच्या गिरण्यांच्या आवारात उभ्या आहेत. तेव्हा हा विषय पोटापाण्यानेच आमच्यापुढे आणून ठेवला आहे.

प्रथम एका शब्दाची ओळख करून घेऊ. लंडन शहरातील इस्लिंग्टनसारख्या कष्टकऱ्यांच्या जुन्या वस्त्यांत मध्यमवर्गीय मंडळी घरे घेऊ लागली, जुनी घरे दुरुस्त होऊन झकपक झाली, भाव चढले आणि मूळचे रहिवासी हळूहळू तेथून नाहीसे झाले. रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९६४ साली या घडामोडीला ‘जेंट्रिफिकेशन’ असे नाव दिले. जेंट्री म्हणजे इंग्लंडातील जमीनजुमला बाळगणारा खानदानी वर्ग. बाईंच्या शब्दात थोडा उपहास आहे. आपण त्याला साधे ‘वस्तीपालट’ म्हणू. भिंती त्याच राहोत वा पाडल्या जावोत, आत राहणारा माणूस पालटतो. म्हणून हे नाव.

आता गिरणगाव वसले कसे ते पाहू. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेव येथे तिचा चक्का फिरू लागला. पुढल्या अर्धशतकात भायखळा, लालबाग, परळ, वरळी, शिवडी, नायगाव, प्रभादेवी या टापूत गिरण्यांची धुराडी उभी राहिली. तेव्हा हा भाग शहराच्या कडेला होता. जमीन स्वस्त होती आणि काही गिरण्यांना तर ती सरकारकडून वा नगरपालिकेकडून भाडेपट्ट्याने मिळाली होती. उद्योग वाढावा, लोकांना काम मिळावे, असा त्यामागे हेतू होता. ही गोष्ट ध्यानात ठेवावी; पुढे तिची गरज पडणार आहे.

रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे या जिल्ह्यांतून माणसे आली. त्यांनी गिरणीच्या भोंग्याच्या टापूतच का राहावे? कामगाराला हौस होती म्हणून नव्हे. बदली कामगाराला पहाटे फाटकावर हजर राहावे लागे; नाव पुकारले गेले तर त्या दिवसाचा रोज, नाही तर परत. रात्रपाळी सुटल्यावर घरी जायला वाहन नसे, असले तर त्याचे भाडे परवडत नसे. गावच्या ओळखीवर वाणी उधार देई तो याच गल्लीतला, आणि दोन वेळचे जेवण देणारी खानावळ याच चाळीतली. एका खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपत. एकाची वळकटी उचलली की दुसऱ्याची पडे. म्हणजे खोली ही गिरणीच्या यंत्राचाच एक भाग होती म्हणा ना. मालकाला कामगार हाकेच्या अंतरावर हवा होता आणि कामगाराला काम हाकेच्या अंतरावर हवे होते.

या चाळी बांधल्या कोणी? काही गिरणीमालकांनी, बऱ्याच खाजगी घरमालकांनी. १८९६ मध्ये प्लेग आला तेव्हा सरकार जागे झाले आणि १८९८ साली शहर सुधारणेसाठी ‘इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. १९२० नंतर सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. याच त्या बी. डी. डी. चाळी. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक, दारापुढे लांबलचक सज्जा. तिच्यात संसार झाले, लग्ने झाली, संयुक्त महाराष्ट्राच्या सभांची खलबते झाली.

वस्तीला जी किंमत येते ती केवळ विटा-चुन्याची नसते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून साप्ताहिक सुट्टीची मागणी केली आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. ती सुट्टी मिळाल्यावर कामगाराने काय केले? व्यायामशाळा, भजनी मंडळे, वाचनालये, नाटकमंडळ्या, गणेशोत्सव, पतपेढ्या उभ्या केल्या. खानावळी चालविणाऱ्या बायकांनी प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि सावकाराच्या व्याजातून मान सोडवून घेतली. दलदलीच्या नि ओसाड जागेचे गाव या लोकांनी केले. त्यांच्या कष्टाने जमिनीचे मोल वाढले, परंतु जमिनीच्या उताऱ्यावर त्यांचे नाव कोठेही नव्हते.

मग त्यांच्या हाती होते तरी काय? त्यांच्या हाती होती भाडेपावती. १९४७ साली मुंबई राज्यात भाडेनियंत्रणाचा कायदा झाला आणि तो १९४८ च्या फेब्रुवारीत अमलात आला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच प्रमाण धरून भाडी गोठविण्यात आली, आणि कायद्यात दिलेल्या कारणांशिवाय भाडेकरूला काढता येईना. महायुद्धाच्या काळात आणि फाळणीनंतर शहरात माणसांचा लोंढा आला होता. घरमालक मनाला येईल ते भाडे मागत. त्या परिस्थितीत हा कायदा गोरगरिबाला देवासारखा वाटला आणि ते योग्यच होते. पत्र्याच्या ट्रंकेत लग्नाच्या शालूखाली भाडेपावत्यांचा गठ्ठा जपून ठेवलेला असे, तो उगाच नव्हे.

पण या कायद्याला दोन फाटे फुटले. पहिला असा की भाडे गोठले पण चुना, विटा, लाकूड यांचे भाव गोठले नाहीत. मालकाने दुरुस्ती सोडून दिली. चाळी टेकूंवर उभ्या राहिल्या, काही पडल्या, माणसे दगावली. शेवटी १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा करून सरकारला उपकराच्या पैशातून दुरुस्ती हाती घ्यावी लागली. दुसरा फाटा पागडीचा. भाडे पाच-दहा रुपये आणि खोलीची खरी गरज हजारो रुपयांची. हा फरक कोठेतरी वाट काढणारच. खोली सोडणारा भाडेकरू नव्याकडून रक्कम घेई, मालक त्यातला आपला वाटा घेई आणि नव्याच्या नावे पावती फाडी. कायद्याने हा गुन्हा होता, पण सारे शहर त्यावर चालले होते. १९९९ चा नवा भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला तेव्हा असा मोबदला घेण्याला कायद्यानेच मुभा दिली.

पागडी म्हणजे काय ते नीट समजून घेतले पाहिजे. ती जागेची किंमत नव्हे, घराचीही नव्हे. ती राहण्याच्या हक्काची किंमत होय. कामगाराच्या हाती जमीन नव्हती, भिंत नव्हती. परंतु तेथे राहण्याचा हक्क होता, आणि तो हक्क विकता येत होता. हाच हक्क पुढे त्याच्या उपयोगीही पडला आणि त्याच्या मुळावरही आला.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. हा संप कोणी रीतसर मागे घेतला नाही. तो विरत गेला. त्याच्या बाजूंचा आणि नेत्यांचा हिशेब आज मांडायचा नाही. आपल्या विषयापुरते एवढेच पाहायचे की त्यानंतर खोलीचे काय झाले. १९८३ मध्ये केंद्र सरकारने १३ गिरण्यांचे व्यवस्थापन आपल्याकडे घेतले. बाकीच्या काही चालल्या, काही रखडत राहिल्या, काही बंद पडल्या. हजारो कामगार परत कामावर गेलेच नाहीत. कापड विणण्याचे काम भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांकडे गेले.

गिरणीजवळच्या खोलीला तीन गुण होते : काम जवळ, भाडे थोडे, आणि पागडी घेऊन देता येण्याजोगी. भोंगा बंद पडताच पहिला गुण नाहीसा झाला. घरात पैसा येईना. मुलीचे लग्न थांबले, गावची जमीन गहाण पडली. अशा वेळी तिसरा गुण जागा झाला. दोन रेल्वेमार्गांच्या मध्ये, शहराच्या पोटात असलेली खोली दुकानदाराला, कारकुनाला, व्यापाऱ्याला हवीच होती. कामगाराने खोली दिली, आलेल्या पैशातून देणी फेडली, उरल्या पैशात डोंबिवलीला, नालासोपाऱ्याला वा कल्याणपलीकडे जागा पाहिली किंवा गावी जाऊन कौले शाकारली. कोणी लाठी घेऊन त्याला हाकलले नाही. तो आपल्या सहीने गेला. ‘गरजवंताला अक्कल नसते’ असे म्हणतात, पण आम्हांस ते मान्य नाही. त्याला अक्कल पुरेपूर होती. त्याच्यापुढे जे हिशेब होते त्यांत हाच हिशेब जुळत होता. एकेकट्याच्या दृष्टीने शहाणपणाचे असे हजारो व्यवहार झाले आणि त्यांची बेरीज म्हणजे एक वस्ती उठून गेली.

ही झाली खोल्यांची कथा. आता जमिनीची ऐका. गिरण्यांच्या ताब्यात सुमारे ६०० एकर जमीन होती, आणि तीही आता शहराच्या मध्यभागी आलेली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. त्याचे तात्पर्य असे की गिरणीची जमीन विकासासाठी काढावयाची तर तिचे ढोबळमानाने तीन हिस्से करावेत : एक महापालिकेला मैदाने-बागांसाठी, एक गृहनिर्माणासाठी म्हाडाला, आणि एक मालकाला. विक्रीच्या पैशातून कामगारांची देणी द्यावीत, आजारी गिरणी सुधारावी, असेही त्यात होते. १९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचा एकत्रित आराखडा करून दिला. तुकड्यातुकड्यांनी न जाता साऱ्या जमिनी एकत्र पाहाव्यात, म्हणजे रस्ते, मैदाने आणि घरे यांची सांगड घालता येईल, असा त्यातला विचार होता. तो आराखडा कागदावरच राहिला.

२००१ साली नियमात बदल झाला. शब्द थोडे बदलले आणि अर्थ फार बदलला. वाटणी करायची ती साऱ्या जमिनीची नव्हे, तर जी आधीपासून मोकळी आहे तेवढीचीच, असे ठरले. इमारत पाडून जी जागा मोकळी होईल ती वाटणीबाहेर. समजा, एखाद्या गिरणीची जमीन ३० एकर आहे आणि त्यातली ३ एकर मोकळी आहे. जुन्या नियमाने लोकांच्या वाट्याला सुमारे २० एकर येते, नव्या नियमाने २ एकर. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ च्या ऑक्टोबरात लोकांच्या बाजूने निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २००६ रोजी तो फिरवला आणि २००१ चा नियम कायम झाला. त्याआधीच २००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या होत्या. दादरची कोहिनूर गिरणी क्रमांक ३ ची जमीन ४२१ कोटींना गेली आणि मुंबई टेक्स्टाइल गिरणीची सुमारे १७ एकर जमीन ७०२ कोटींना.

मघाशी ध्यानात ठेवायला सांगितले होते ती गोष्ट आता आठवा. उद्योगासाठी आणि रोजगारासाठी जी जमीन स्वस्तात मिळाली होती, ती उद्योग बंद पडल्यावर सोन्याच्या भावाने विकली गेली. कोणाची म्हैस आणि कोणाला उठबैस! जमिनीचे मोल वाढविले साऱ्या शहराने. रेल्वेने, रस्त्यांनी, पाण्याच्या नळांनी आणि त्या गल्ल्यांत तीन-चार पिढ्या राबलेल्या माणसांनी. ते मोल पदरात पडले ते उताऱ्यावर नाव असलेल्याच्या.

मग उंच इमारती, कचेऱ्या, बाजारसंकुले, उपाहारगृहे आली. जाहिरातींत लोअर परळचे नाव ‘अप्पर वरळी’ झाले. वस्तीपालटाची एक खूण अशी की प्रथम गावाचे नाव बदलते. काम करणारी माणसे मात्र तेथे पूर्वीइतकीच, किंबहुना अधिक येतात. फरक एवढाच की पूर्वीचा कामगार तेथे राहत होता आणि आजचा तेथे राहत नाही. कचेरीतला कारकून, दुकानातली विक्रेती मुलगी, आमचा पहारेकरी, सारे विरार, दिवा, बदलापूर येथून लोकलने येतात. गिरण्या असताना जी माणसे चालत कामावर जात, त्यांच्या जागी आज तेवढीच माणसे गाडीतून उतरतात. मैदाने आणि रुंद रस्ते मिळायचे ते वाटणीतून निसटले आणि स्थानके जुनीच राहिली. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर पावसात चेंगराचेंगरी झाली आणि २३ जीव गेले. त्यानंतर २०१८ मध्ये लष्कराने तेथे नवा पूल बांधला आणि त्याच वर्षी स्थानकाचे नाव प्रभादेवी झाले. वस्तीपालटाचा हिशेब फक्त घरांच्या भावात मांडला की ही बाजू राहून जाते.

तेव्हा कामगाराला काहीच मिळाले नाही का? तसे म्हणणे खोटे ठरेल. कामगारांच्या संघटनांनी चिकाटीने झगडून घरांचा हक्क मान्य करून घेतला. म्हाडाच्या वाट्याला आलेल्या तुकड्यांवर इमारती उभ्या राहिल्या. २८ जून २०१२ रोजी ६,९२५ घरांची सोडत निघाली. २२५ चौरस फुटांचे घर साडेसात लाखांना. २०१६ मध्ये २,६३४ घरे साडेनऊ लाखांना, त्याच वर्षी पनवेलजवळ कोन येथील २,४१८ घरे सहा लाखांना, आणि २०२० मध्ये ३,८९४ घरे. चारही सोडती मिळून सोळा हजारांच्या आत घरे होतात. अर्ज करणारे कामगार व वारस दीड लाखाहून अधिक. बाकीच्यांना २०२४ मध्ये शेलू आणि वांगणी येथील घरांची योजना पुढे करण्यात आली. वांगणी बदलापूरच्या पलीकडे आणि शेलू त्याच्याही पलीकडे. अनेक कामगारांनी ती नाकारली. ‘आम्ही गिरणगावात राबलो, घर कर्जतच्या वाटेवर का?’ हा त्यांचा प्रश्न. ऐकणाऱ्याला तो हट्ट वाटेल. इतिहास पाहणाऱ्याला वाटणार नाही.

ज्यांना गिरणगावात घर मिळाले त्यांची एक हकीकत सांगतो. आमच्या एका सभासदाची आई, सोडतीत घर लागलेली. साऱ्या वाडीने पेढे वाटले. बाविसाव्या मजल्यावर घर, खाली लिफ्ट, पाण्याचा पंप, सामाईक दिवे. त्या साऱ्यांचा देखभाल खर्च दरमहा भरावा लागतो. मुलगा पहारेकरी, पगार बेताचा, आणि घराच्या कर्जाचा हप्ता वर. काही वर्षांनी आम्ही चौकशी केली तेव्हा मावशी नालासोपाऱ्याला लेकाबरोबर राहत होत्या आणि परळचे घर कचेरीतल्या दोन मुलांना भाड्याने दिलेले होते. म्हणाल्या, ‘‘भाऊ, घर माझंच हाय. पण तिथं ऱ्हायाला मला परवडत न्हाई. दुसऱ्याला परवडतं, म्हणून त्याच्या भाड्यावर हिकडं चूल पेटती.’’

या वाक्यावर आम्ही पुष्कळ विचार केला. ज्या बाईने उभा जन्म भाडेपावती जपली, ती आज घरमालकीण आहे, आणि तरीही वस्तीबाहेर आहे. तिला कोणी लुबाडले नाही. तिने जे केले ते पुन्हा शहाणपणाचेच. पण यावरून एवढे दिसते की घराची मालकी दिली म्हणजे राहणे साधते असे नाही. राहण्यासाठी जवळ काम हवे, पुरेसा पगार हवा, परवडणारा बाजार हवा, आणि इमारतीचा खर्च खालच्या मिळकतीला झेपेल असा हवा. सोडतीची चिठ्ठी यातले फक्त घर देते.

काही मंडळी म्हणतील की या उंच इमारतींत राहायला आलेले लोकच दोषी. आयत्या बिळावर नागोबा. आमचे मत तसे नाही. कर्ज काढून, वीस वर्षांचे हप्ते डोक्यावर घेऊन दोन खोल्यांचे घर घेणारा नोकरदार हा नागोबा नव्हे. त्यालाही कामाच्या जवळ राहायचे आहे; गिरणी कामगाराला जे हवे होते तेच त्याला हवे आहे. भांडण नव्या आणि जुन्या रहिवाशांत लावून देणे सोपे असते. खरा प्रश्न असा की जमिनीचे वाढलेले मोल कोठे जाते, आणि तेथे कोणी राहावे हे कोण ठरवते.

याचे उत्तर निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे दिले गेले आहे. ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरात पहिल्या महायुद्धानंतर नगरपालिकेने कामगारांसाठी मोठमोठी गृहसंकुले बांधली. त्यांतले कार्ल मार्क्स हॉफ १९३० मध्ये खुले झाले, १,३८२ घरांचे. ते आजही नगरपालिकेचे आहे. घरे भाड्याने मिळतात, विकली जात नाहीत. म्हणून शहराचे भाव चढले तरी ती जागा कोणाच्या हातून सटकली नाही. आपल्या सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांनी गोदुताई परुळेकरांच्या नावाच्या सहकारी संस्थेमार्फत दहा हजार घरांची वसाहत उभी केली. २००६ मध्ये त्या घरांचे वाटप झाले. ती शहराबाहेर आहे हे खरे, पण संघटित होऊन घर मिळविता येते एवढे तिने दाखविले. आणि मुंबईत बी. डी. डी. चाळींचा पुनर्विकास चालू आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीत पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. त्या दिवशी चाळकऱ्यांच्या डोळ्यांत जे पाणी आले ते आनंदाचेच होते, आणि आम्हांलाही आनंद झाला. परंतु या योजनेची परीक्षा किल्ल्या देण्याच्या दिवशी होत नसते. दहा-पंधरा वर्षांनी त्या दारांवर कोणाची नावे असतील, हे पाहून तिचा निकाल लागेल.

श्रोतेहो, आपण म्हणाल, ही सारी मुंबईची कहाणी. आम्हांला तिचे काय? पण आज आपल्या गावातही जुने वाडे पाडून इमारती उभ्या राहत आहेत, बंद कारखान्यांच्या जमिनी विक्रीला निघत आहेत, आणि आपल्यापैकी कितीतरी जण त्या इमारतींत घर घेत आहेत किंवा घेऊ पाहत आहेत. घर घेणाऱ्याला एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही.

तुम्ही घर विकत घेता तेव्हा करारात चटईक्षेत्र किती ते पाहता, हे चांगलेच. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने ते स्पष्ट लिहिणे बंधनकारक केले आहे. पण घराखालच्या जमिनीचे काय? महाराष्ट्रात १९६३ च्या मालकी सदनिका कायद्याने बांधणाऱ्यावर असे बंधन घातले की रहिवाशांची संस्था झाल्यावर जमीन आणि इमारत यांचे हक्क संस्थेच्या नावे करून द्यावेत. कायदा होऊन साठ वर्षे उलटली. असंख्य संस्थांच्या नावे जमीन झालेलीच नाही. म्हणून २००८ मध्ये कायद्यात बदल करून मानीव अभिहस्तांतरणाची सोय करावी लागली. म्हणजे बांधणाऱ्याने सही दिली नाही तरी सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करून जमीन संस्थेच्या नावे करून घेता येते. तरीही किती संस्था अर्ज करतात? जो तो आपल्या भिंतींना रंग देण्यात गर्क असतो. इमारत जुनी होते, पुनर्विकासाची वेळ येते, आणि मग कळते की पन्नास लाख देऊन घेतलेले घर आपले, पण त्याखालची जागा दुसऱ्याची.

म्हणजे पाहा, ट्रंकेत भाडेपावती जपणारा चाळकरी आणि कपाटात कराराचा दस्त जपणारा सदनिकाधारक, दोघांत वाटते तेवढे अंतर नाही. दोघांनाही राहण्याचा हक्क मिळाला, जागेचा नाही. चाळकऱ्याजवळ कायद्याचा उपाय नव्हता. सदनिकाधारकाजवळ आहे, पण तो एकट्याने वापरता येत नाही, संस्थेनेच वापरावा लागतो. त्यासाठी शेजाऱ्याचे दार ठोठावावे लागते, सभेला बसावे लागते, वर्गणी काढावी लागते. संघटनेचे काम यापेक्षा वेगळे नसते, हे आम्ही अनुभवाने सांगू शकतो.

तेव्हा या व्याख्यानाहून घरी गेल्यावर एवढे करावे. आपल्या संस्थेच्या चिटणीसाला विचारावे की जमिनीच्या मालमत्ता पत्रकावर नाव कोणाचे आहे. ते संस्थेचे नसेल तर येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर तो विषय घालावयास लावावा. आणि गावातील बंद कारखान्याची वा जुन्या वाड्याची जमीन विक्रीला निघाल्याचे कानी आले, तर तेथे राहणाऱ्यांचे, तेथे राबलेल्यांचे आणि गावाच्या मैदानाचे काय ठरले, हे नगरपालिकेच्या आपल्या सभासदास जाहीरपणे विचारावे. गिरणगावात हे प्रश्न विचारले गेले, पण त्यांना उत्तर मिळेपर्यंत वस्ती निघून गेली होती. आपल्या गावात अजून वेळ आहे.